दगडाच्या गळ्यातली ट्यूब

१

जालन्याच्या साहेब लोकांना रविवारी सुख बोचतं. आठवडाभर पंख्याखाली बसून पाठीला मुंग्या आल्या, की सकाळी मोटारीच्या मागं सायकली बांधून हे लोक आमच्या वडीगोद्रीला येतात आणि पाटाच्या कडेच्या कच्च्या रस्त्यानं धूळ खात फिरतात. सायकलीही साध्या न्हाईत. चार-चार इंच रुंद टायरच्या, फॅट बाइक म्हणतात त्यांना. पहिल्यांदा बघितली तेव्हा मी तुळजाबाईला, म्हणजे आमच्या मंडळींना, म्हणलं, बघ, सायकलीला हत्तीरोग झालाय.

मी रखमाजी. शाळा चौथीपर्यंत. पाचवीत मास्तरांच्या खुर्चीला पंक्चरचं सोल्यूशन लावलं. मास्तर उठले, धोतर उठलं न्हाई, तिथं माझं शिक्षण पुरं झालं. पुढं पंचेचाळीस वर्षं हायवेच्या कडेला सायकलचं दुकान चालवलं. आता दुकान बंद आहे, पण तोंड बंद व्हायचं राह्यलंय. या साहेब लोकांनी मला त्यांच्यातली एक जुनी जाडी सायकल दिली आणि मेस्त्री म्हणून सोबत धरलं.

सोबत म्हणजे तिघं. केशवराव तहसिलात अव्वल कारकून. सायकलीवरही फाइलीवर बसल्यासारखे बसतात, हलत न्हाईत. सुयश कॉलेजात गणित शिकवतो. चढ आला की खाली उतरून चढाचा कोन सांगतो. तिसरी जान्हवी, वीज कंपनीत इंजिनिअर. हिच्या मागं राहायचं तर पायात रॉकेल घालावं लागतं. बाकीचे दोघं माझ्या जिभेला भितात. ही मला काका म्हणती आणि तोंडावर झापती. माझी पोर असती तर अशीच असती, असं मी मनात म्हणतो, तिला सांगत न्हाई. चढून बसंल.

या सायकलीची जास्तीची ट्यूब म्हणजे एक संकटच. गुंडाळली तरी अजगर झोपल्यासारखी दिसती. घरून निघताना ज्याला त्याला वाटतं, दुसऱ्यानं घेतली असंल. म्हणून ती कायम माझ्या पिशवीत. बाकीच्यांच्या पिशव्या हलक्या राहू नयेत म्हणून मी सुयशच्या पिशवीत गुपचूप एक वीट ठेवली होती. तीन रविवार त्यानं ती वीस-वीस किलोमीटर फिरवून आणली आणि म्हणाला, काका, माझा स्टॅमिना वाढून राह्यलाय.

तर असे आम्ही. आता जे झालं ते सांगतो. हसायचं तिथं हसा. मी पण हसलोच होतो.

२

फेब्रुवारी सरता सरता एका रविवारी जान्हवीचं मागचं चाक बसलं. वेड्या बाभळीचा काटा. एक न्हाई, तीन. तशी ट्यूब जोडण्यात अर्थ नव्हता. मी पिशवीतली नवी ट्यूब घातली, जुनी बाजूला टाकली.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. ट्यूब फेकायची तर तिचा वाल, म्हणजे हवा भरायची ती नळी, कापून फेकायची. माझ्या वस्तादानं शिकवलं, मी पंचेचाळीस वर्षं पाळलं. का पाळायचं ते त्यानंही सांगितलं न्हाई, मीही विचारलं न्हाई. त्या दिवशी कापला न्हाई, कारण डोक्यात दुसरंच खूळ शिरलं.

समोर पाटाच्या कडेला एक दगड होता. कमरेएवढा, जरा मागं रेललेला, वरचा भाग गोल. त्याच्यावर आकडा नव्हता, शेंदूर नव्हता, काहीच नव्हतं. बसल्या जागी पोट सुटलेला पुढारी दिसतो ना, तसा तो दिसायचा. आणि आमच्याकडं सत्काराचं वेड तुम्हाला ठाऊक. मेंबर झाला सत्कार, रिटायर झाला सत्कार, मुतखडा पडला सत्कार. मी म्हणलं, या गड्याचा आजवर कोणी केला नसंल.

ट्यूबमध्ये पंपानं हवा मारली. तीन भोकं असली तरी घटकाभर फुगलेली राहती. केशवरावांचा रुमाल शाल म्हणून दगडावर घातला. शेजारच्या बागेतली एक मोसंबी श्रीफळ म्हणून पुढं ठेवली. ट्यूबचा हार जान्हवीच्या शुभहस्ते. तिनं तो दगडाच्या गळ्यात घातला, वाकून नमस्कारही केला, सुयशनं फोटो काढला. अध्यक्ष केशवराव. सूत्रसंचालन माझ्याकडं. मी घसा साफ करून म्हणलं, आता सत्कारमूर्ती सत्काराला उत्तर देतील.

सगळे पोट धरून हसले. केशवरावांनी रुमाल काढून घेतला आणि आम्ही सायकलीवर बसून निघालो. मागं ट्यूब सूं सूं करून राह्यली होती.

आता बघा, सत्कारमूर्ती बोलायच्या आत मंडप सोडून जाणं म्हणजे त्याच्या तोंडात मारणं. हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही कळतं. पण दगडाला कसलं तोंड, असं आम्हाला वाटलं.

३

पुढच्या रविवारी दगड मोकळा होता. ट्यूब गेलेली. मोसंबी जागेवर होती, पण वाळून बोराएवढी झालेली. आठ दिवसांत मोसंबी एवढी वाळत न्हाई. मी तेव्हा ऊन म्हणून सोडून दिलं. ट्यूब कोणा गुराख्यानं पाटात पोहायला नेली असंल, असं सुयश म्हणाला. बरोबर वाटलं.

मंग मला फुफाट्यात एक माग दिसला.

चार बोटं रुंद, गुळगुळीत. टायरचा माग असता तर त्यात नक्षी उठली असती. हा नुसत्या रबराचा. दगडापासून निघालेला आणि रस्त्यानं पुढं गेलेला. पोरं ट्यूब फुगवून पळवतात, आम्हीही पळवली. पण पळवणाऱ्याची पावलं पाहिजेत. एकही पाऊल नव्हतं. आणि तीन भोकांची ट्यूब पळायला लागली तर पन्नास पावलांत आडवी होती.

सुयशला उकरायला गणित मिळालं. मागात थोड्या थोड्या अंतरावर एक बारीक खड्डा होता, बोरू टोचल्यासारखा. त्यानं टेपनं मोजलं. दर साडेसात फुटांवर एक. म्हणाला, काका, ट्यूबचा घेर बराबर एवढाच, म्हणजे हा वालचा खड्डा आहे. केवढा खूश झाला.

मी खूश झालो न्हाई. ट्यूबचा वाल आतल्या अंगाला असतो. रिमकडं. ट्यूब कशीही पळवा, वाल जमिनीला टेकायचं कारणच न्हाई. टेकायचा तर ट्यूब उलटी पाहिजे, बनियन उलटं घातल्यासारखी, आतलं अंग बाहेर.

हे मी त्यांना सांगितलं तर तिघं एकमेकांकडं बघून हसले. केशवराव म्हणाले, रखमाजी, यावेळी मेहनत लई घेतली तुम्ही. मी तुळजाबाईची शपथ घेतली. जान्हवी म्हणाली, काकूंची शपथ मागच्या वेळी विटेच्या टायमाला पण घेतली होती.

माग पुढं दोन किलोमीटर गेला. जिथं वळण आलं तिथं गेल्या रविवारचा जान्हवीच्या सायकलीचा जुना माग अजून दिसत होता. गुळगुळीत माग तिथं त्याच्या अंगाला अंग लावून चालला होता, एकदाही न ओलांडता. मी ते बघितलं, पण तिला दाखवलं न्हाई.

४

बुधवारी दुपारी मी दुकानात गेल्तो. दुकान म्हणजे घराला लागून पत्र्याची खोली. आता तिथं जुनी चाकं, पंक्चर बघायची पाण्याची पाटी आणि खिळ्याला टांगलेली नवी ट्यूब, रविवारसाठी आणलेली. मी ती स्वतः हवा दाबून, रबरबँड लावून गुंडाळलेली.

ती फुगली होती.

पत्र्याखाली उन्हानं हवा फुगती, हे मला कळतं. म्हणून वालमधली पिन काढली, ट्यूब गुडघ्याखाली दाबून सगळी हवा काढली, चपटी केली, परत टांगली. पिन हातातच होती. पिन नसली की ट्यूब म्हणजे उघडं भांडं. तिच्यात हवा राहणार कशी?

मी स्टुलावर बसून बघत राह्यलो. खोलीत आवाज आला. पंक्चर झालं की सूं येतं, ते बाहेर जाणारं. त्यात आणि हवा आत ओढायच्या आवाजात फरक असतो. पंचेचाळीस वर्षं मी कानानं पंक्चर शोधलेत, मला तो फरक झोपेत कळतो. हा आत ओढायचा होता. लांब, सावकाश. म्हातारं माणूस उठायच्या आधी ओढतं तसा. ट्यूब खिळ्यावर हळूहळू गोल झाली.

कान म्हातारे झालेत, असं मी स्वतःला बजावलं. अंबडच्या डॉक्टरनंही तेच सांगितलंय. ट्यूब उतरवून पाण्याच्या पाटीत धरली. बुडबुडा न्हाई. पाणी हलतसुद्धा नव्हतं. वालला कान लावला.

आत कोणीतरी घसा साफ केला.

माइकपुढं उभं राहिल्यावर करतात तसा. बोट तोंडापाशी नेऊन, जरा अदबीनं. ट्यूब माझ्या हातातून पाटीत पडली.

घरातून तुळजाबाईनं विचारलं, "कोण पाव्हणे आलेत? चहा टाकू का?"

मी म्हणलं, कोणी न्हाई, मीच खाकरलो. ती म्हणाली, तुमचं खाकरणं मला ठाऊक न्हाई का. आणि भांडी घासायला लागली. म्हणजे माझे कान ठीक होते.

त्याच संध्याकाळी मी जान्हवीला फोन केला. या रविवारी पाटाकडं नको, आष्टीच्या रस्त्यानं जाऊ, असं म्हणलं. कारण विचारल्यावर मी खरं सांगून बसलो. ती इतकी हसली की तिला ठसका लागला. मंग म्हणाली, दोन दिवस झाले, काका, जिना चढताना दम लागून राह्यलाय. कधी न्हाई ते.

मी विचारलं, जिना कुठला. ती म्हणाली, जिथं सायकल ठेवते तिथला.

५

रविवारी मी उठून तोंड धुतो न धुतो तर तुळजाबाई म्हणाली, जान्हवी येऊन गेली. तिला अकराला लग्नाला जायचं होतं म्हणून एकटीच लवकर आल्ती, काकांना सांगा पाटानं पुढं जाते, असा निरोप ठेवून गेली. केशवराव आणि सुयश आल्यावर मी त्यांना म्हणलं, जल्दी निघा. केशवराव बुटाची नाडी बांधत होते. म्हणाले, दर वेळी लांडगा आला म्हणता, एकदा तरी आणून दाखवा. सुयश त्याच्या पिशवीत वीट आहे का ते तपासत होता.

दोष त्यांचा न्हाई. आयुष्यभर मी जे पेरलं तेच उगवलं होतं. मी त्यांची वाट बघितली न्हाई. ट्यूब पिशवीत कोंबली आणि निघालो. पिन घातली नव्हती; घालायचा धीरच झाला न्हाई.

सात वाजले असतील. उजेड लख्ख. बागेत पाणी सोडलेलं, बगळे, लांब कुठं ट्रॅक्टर. भ्यायचं काही न्हाई अशी सकाळ. फुफाट्यात जान्हवीच्या टायरची ताजी नक्षी होती. आणि तिच्या डाव्या अंगाला गुळगुळीत माग.

सायकल वळणावर वळली की मागचं चाक पुढच्याच्या आतून जातं. एका मागाचे दोन होतात. जान्हवीचे होत होते. दुसरा एकच राहायचा. एकच काहीतरी होतं आणि ते तिला सोबत करत होतं. सपाटीला ती जोरात गेलेली कळत होतं, तिथं वालचे खड्डे लांब गेलेले. साडेसातचे नऊ, नऊचे दहा. म्हणजे ती पळाली तसं ते मोठं झालं होतं.

मी सत्तरीचा माणूस, पायडल मारताना छातीत भट्टी पेटली. पाठीवरची पिशवी पोटावर उशी बांधल्यासारखी फुगत होती, बसत होती. माझ्या दमाशी तिचा ताल जुळत नव्हता. ती आपल्या चालीनं, निवांत.

सगळ्या वाटेत मी एकच हिशोब करत होतो. बोलायला काय लागतं? तोंड लागतं असं आपल्याला वाटतं. तोंड नंतर. आधी हवा लागती.

६

ती दगडासमोर बसली होती. मांडी घालून, हात मांडीवर, मान सरळ. पहिल्या रांगेत पाव्हणे बसतात तशी. सायकल आडवी पडलेली, दोन्ही टायर रिमला चिकटलेले. काटा कुठंच न्हाई, फक्त हवा न्हाई.

"जान्हवी," मी म्हणलं. तिनं डोळे हलवले. ओठ जांभळासारखे झालेले. छाती वर येत होती ती अर्ध्यातच थांबायची, जणू वरचा अर्धा घास कोणीतरी तिच्या आधी घेत होतं.

दगडाच्या गळ्यात हार होता. आमचाच. आतलं अंग बाहेर, वाल पुढं. तीन भोकांतून हवा गळत होती, आणि गळती तेवढी तो परत भरत होता, आणि प्रत्येक भरण्याला जान्हवीची मान एक बोट खाली जात होती. त्याला बोलायचं होतं. पण फाटक्या ट्यूबनं दम पुरत नव्हता. वालमधून नुसतं "मा... मा..." येत होतं आणि विरत होतं.

मी तिच्या काखेत हात घालून ओढलं. उठली न्हाई. जमिनीत रोवल्यासारखी.

मंग मला आपली रीतच आठवली, दुसरं काय येतंय मला. कार्यक्रम अर्धा सोडला तो आम्ही. मी पिशवीतून ती टुमटुमीत फुगलेली नवी ट्यूब काढली. एकही भोक न्हाई, एकही जोड न्हाई. दोन्ही हातांनी दगडाच्या गळ्यात घातली, हात जोडले, आणि म्हणलं, "साहेब, बोला. आम्ही बसलोय."

आणि खाली तिच्या शेजारी बसलो.

नव्या ट्यूबचं रबर वरच्या बाजूला हललं. घोट गिळताना गळा हलतो ना, तसं. एवढंच मी बघितलं. मंग डोळे मिटून घेतले, कारण दगड जरा पुढं झुकल्यासारखा वाटला.

तो बोलला. आवाज वाईट नव्हता, तेच वाईट होतं. कोणत्याही मंडपात ऐकू येईल असा, जरा घोगरा, सवयीचा. माननीय अध्यक्ष केशवराव. सुयशराव. सूत्रसंचालक रखमाजी. ज्यांच्या शुभहस्ते सत्कार झाला त्या जान्हवीताई. सगळे वक्ते आधी नावं घेतात, तशी त्यानं घेतली.

सत्काराला चौघंच होतो आम्ही. आज दोघं तर आलेही नव्हते. पण तो थांबला न्हाई. नावं घेतच गेला. सावकाश, मानानं, एकेकाकडं बघून घ्यावीत तशी. बायांची, बाप्यांची. काही नावं मी लहानपणी ऐकलेली, आता कोणी ठेवत न्हाई अशी. त्यानं एकेक नाव घेतलं की आमच्या मागून, धुळीत कोणी बूड सरकवून नीट बसल्याचा आवाज यायचा.

मी मागं बघितलं न्हाई. तुम्हीही बघितलं नसतं.

किती वेळ ते सांगता येत न्हाई. मंग सूं करून हवा संपली, बाहेर जाणारी, साधी. मी डोळे न उघडताच टाळ्या वाजवल्या. हात भाजेपर्यंत वाजवल्या.

शेजारी जान्हवीनं श्वास घेतला. पूर्ण. विहिरीतून वर आलेलं माणूस घेतं तसा.

७

डोळे उघडले तर दगडावर दोन ट्यूबा लोंबत होत्या, वाळलेल्या, तडे गेलेल्या, वीस वर्षं उन्हात पडल्यासारख्या. मी चाकूनं दोन्हींचे वाल कापले आणि पाटात फेकले. मागं मोकळं रान होतं आणि बगळे होते.

दोन सायकली ढकलत आम्ही निघालो. ओठांवर रंग परत येत होता. मंग तिनं हळूच विचारलं, "काका, टाळ्या कोण कोण वाजवत होतं?"

मी म्हणलं, "मी एकटाच. मेस्त्रीचे हात मोठे असतात."

तिनं माझ्या हातांकडं बघितलं. मी ते हँडलवर घट्ट धरले.

पुढं केशवराव आणि सुयश भेटले. दोन बसलेली चाकं, तिचा चेहरा बघून केशवरावांचा आवाज चढला. काय केलंत हो रखमाजी, पोरीच्या जिवाशी खेळ? सुयशही लालबुंद. जान्हवी माझ्याकडं बघत होती. एक शब्द खरा बोललो असतो तर ती आयुष्यभर त्या जिन्यात रात्री दिवा लावून चढली असती.

म्हणून मी मान खाली घातली. म्हणलं, हो, मीच केलं. तिच्या चाकांतली हवा सोडली, झाडामागून आवाज काढला, पोर घाबरून तिला धाप लागली. चुकलंच माझं. सत्तर वर्षांत केलेल्या सगळ्या मस्कऱ्या मी नाकबूल केल्या. न केलेली ही एकच कबूल केली.

हायवेवरच्या हॉटेलात बसलो. आणि मंग जान्हवीनं मला झापायला सुरुवात केली. वयाची लाज धरा, काकू कशा राहतात तुमच्याजवळ, हार्ट अटॅक आला असता तर काय माझ्या आईला तोंड दाखवलं असतं, उद्यापासून तुमची सायकल काढून घेते की न्हाई बघा, हसू नका, मी काय गंमत करून राह्यलेय का. मध्ये कुठं थांबली न्हाई. एका दमात. बाजूच्या टेबलावरचे लोक ऐकत बसले.

केशवराव म्हणाले, बघा, अजून हसून राह्यलेत, बिलकुल लाज न्हाई.

खरंच हसत होतो. पोरीनं चहाची बशी तोंडाशी नेली. गरम होता. तिनं गाल फुगवले आणि बशीवर लांब फुंकर घातली. वाफ पार माझ्या तोंडावर आली.

मी म्हणलं, अजून एकदा फुंक. लई गरम आहे तो.